भरंवशाचें डीव्हीडी यंत्र कसें निवडावें?

आपल्या हिंगोलीकडे पुष्कळ घरीं लग्नकार्याच्या डीव्हीडी तबकड्या जपून ठेविलेल्या असतात. परंतु यंत्र बिघडल्यामुळें दिवंगत आजोबांचा आवाज नातवंडांच्या कानीं पडत नाहीं. अशा वेळीं थोडक्या पैशांत चांगलें यंत्र कसें पारखावें?

डीव्हीडी १९९६ सालीं जपानांत प्रथम विक्रीस आली. तिच्यावरील सूक्ष्म खुणा ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेसर किरण वाचतो. छायाचित्रकारानें नोंदलेली तबकडी कारखान्यांत छापलेल्या तबकडीपेक्षां कमी प्रकाश परत फेकते. म्हणून सिनेमा सुरळीत दाखविणारें यंत्रही लग्नाच्या तबकडीपाशीं अडखळूं शकतें. सबब दुकानीं जातांना घरची एखादी नोंदलेली तबकडीच बरोबर न्यावी. वाचन मध्याकडून कडेकडे होत जातें, यास्तव शेवटचा भागही अवश्य चालवून पाहावा. यंत्राच्या पिवळ्या, पांढऱ्या व तांबड्या तारा आपल्या दूरदर्शनसंचास जोडतां येतात कीं एचडीएमआय जोडणी लागते, हेंही आधीं पाहून ठेवावें. पावती व हमीपत्र मागून घ्यावें. केवळ चकाकीस भुलूं नये.

तबकडीही अक्षय नव्हे. ती चालते आहे तोंच तिची नक्कल करवून ठेवणें, हें शहाणपणाचें होय.