मूठ, वाळू आणि वैरण

दळणाला बसण्याआधी सुपातली एक मूठ ज्वारी शेजारच्या मडक्यात टाकायची आणि ठरल्या दिवशी बोर्डिंगची मुले आली की ती त्यांच्या झोळीत रिकामी करायची. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडाची घरातली बाजू एवढीच होती. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांची रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ साली ती साताऱ्यात आली. साताऱ्याच्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान मुले एका पंगतीला जेवू लागली. १९२७ साली गांधीजींनी या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव दिले. पंगतीला धान्य लागे, आणि ज्यांच्याकडून ते मागायचे त्यांच्या घरात रोकड नसे. सुगीनंतर कणगीत ज्वारी मात्र असे. भाऊरावांनी लोकांजवळ नव्हते ते मागितलेच नाही, होते तेवढेच मागितले.

भाऊरावांची गोष्ट सांगताना आपण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्रापाशी थांबतो. मुलांच्या जेवणासाठी त्या माउलीने अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. हा त्याग मोठाच आहे. तरी मला वाटते, आज शिकण्याजोगे अधिक काही आहे ते मुष्टिफंडात. एकाच घरावर सगळा भार पडू नये, देणाऱ्याला रोज झेपेल एवढेच द्यावे लागावे आणि मुलांच्या ताटात उद्याच पडावे, या तिन्ही गोष्टी त्यात साधल्या होत्या. शिवाय घेणारी मुलेही हात राबवत होती. खडकाळ जमिनी फोडून ती शेती करत आणि स्वयंपाक, झाडलोट स्वतःच बघत. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने नाराजीपोटी संस्थेचे अनुदान थांबवले, तेव्हा गाडगे महाराजांना मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे रदबदली करावी लागली. एका सहीने अनुदान थांबू शकते. शेकडो घरांतली मडकी अशी एका सहीने रिकामी होत नाहीत.

सांगली जिल्ह्याच्या उत्तर भागात, खानापूर तालुक्यात, हाच विचार नदीपात्रातून उगवला. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्या संपावर गेल्या आणि तालुक्यातले कामगार गावी परतले. गावात दुष्काळ होता आणि रोजगार हमीचे खडी फोडण्याचे काम होते. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर तिच्यात होते, बलवडीचे संपतराव पवार होते. या भागाला स्वतःचा कारभार स्वतः करण्याची सवय जुनी आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने चाळीसच्या दशकात याच गावांतून न्यायनिवाडे केले होते.

तालुक्यातली येरळा नदी कोरडी पडत चालली होती आणि बाहेरचे ठेकेदार तिची वाळू ट्रकांनी उपसून नेत होते. वाळू गेली की पात्रात पाणी धरून ठेवायला काही उरत नाही, विहिरी तळ गाठतात. लोकांनी हा उपसा थांबवण्याची मागणी केली आणि पुढे एक धाडसी हिशेब मांडला. गावाने स्वतः, मर्यादेत, थोडी वाळू विकायची आणि त्या पैशातून त्याच नदीवर बंधारा बांधायचा. सरकारी खात्यांशी झगडा झाला, काम अडवले गेले, तरी बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ऐंशीचे दशक संपता संपता बळीराजा धरण उभे केले. अभियंते के. आर. दाते यांनी तांत्रिक बाजू सांभाळली, लोकविज्ञान चळवळीतले कार्यकर्ते मदतीला आले आणि गावकऱ्यांनी श्रमदान केले. पाणीवाटपाचा नियम तर आजही चकित करतो. पाण्यावर हक्क माणसाचा, जमिनीचा नव्हे. म्हणून भूमिहीनांनाही वाटा ठरला. गावाने गोळा केलेल्या निधीतून अडवलेले पाणी शेवटी मोठ्या बागायतदाराच्याच शिवारात जाते, हा नेहमीचा अनुभव. तो टाळायचा तर वाटपाचा नियम पहिल्या दिवशीच ठरवावा लागतो. बलवडीने तो ठरवला होता.

माण तालुक्याची कथा याहून ताजी आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माणमध्ये जेमतेम पाचशेच्या आसपास. म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. परवान्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला होता, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करू असे अधिकाऱ्यांना सांगून परवाना घेऊन आल्या.

२०१२ च्या दुष्काळात याच बँकेत एक बाई सोने गहाण ठेवायला आली. कशासाठी, असे विचारल्यावर तिने जनावरांच्या वैरणीसाठी म्हणून सांगितले. कर्ज देऊन बँकेचे काम संपले असते. पण बाजारात वैरणच नसेल तर हातातल्या पैशाचा उपयोग काय? आणि दुष्काळात जनावर बाजारात नेले की पडेल त्या भावाने जाते, पुढे पाऊस झाला तरी दावणीला परत येत नाही. खिलार बैल गेला की पेरणी अडते, गाय गेली की बाईच्या हातातला दुधाचा पैसा जातो. बँकेशी जोडलेल्या माणदेशी फाउंडेशनने अनुभव नसताना म्हसवडला चारा छावणी उघडली. ती सुमारे दीड वर्ष चालली आणि तिथे सुमारे १४,००० जनावरे राहिली. जनावरामागे रोज दहा किलो वैरण धरली आणि ती सारी एकाच वेळी दावणीला आहेत असे मानले, तर दिवसाला १४० टन होतात. पाणी वेगळे. माणसेही जनावरांसोबत तिथेच मुक्काम करत, कारण घरी स्वयंपाकालाही पाणी नव्हते. मला मोलाचे वाटते ते हे, की गरज काय आहे हे त्या बाईने सांगितले आणि निर्णयही म्हसवडलाच झाला. अर्ज, प्रकल्प अहवाल, मंजुरी यांत पावसाळा गेला नाही. पुढे संस्थेने बंधाऱ्यांची कामे हाती घेतली. तरीही २०१९ च्या जानेवारीत म्हसवडला पुन्हा छावणी लागलीच.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णा-वारणेच्या काठची गावे पाण्याखाली गेली. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला गावकऱ्यांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि माणसे बुडाली. पुरानंतर महाराष्ट्रभरातून मदतीचे ट्रक सांगलीकडे निघाले, ती माया खरी होती. पण पूर ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ असतो आणि हवी असतात फावडी, घमेली, जंतुनाशके, पंप, जनावरांना सुकी वैरण. कोणत्या गल्लीत काय कमी आहे हे गल्लीतल्या माणसालाच ठाऊक असते. त्याच्या हातात खर्चायला पैसा मात्र नसतो.

अमेरिकेतल्या बोस्टन शहरात २००९ पासून एक साधी रीत चालते. दहा माणसे दरमहा शंभर-शंभर डॉलर काढतात आणि एका चांगल्या कल्पनेला हजार डॉलर देऊन मोकळी होतात, पुढे अटी नाहीत. जगभरच्या शहरांनी ती उचलली. आपल्याला ती परकी वाटायचे कारण नाही, मुष्टिफंड तिच्या कितीतरी आधीचा. भिलवडी, ब्रह्मनाळ, औदुंबर, अंकलखोप अशा काठावरच्या गावांत प्रत्येकी दहा घरांनी महिन्याला हजार रुपये बाजूला काढले, तर गावामागे वर्षाला एक लाख वीस हजार होतात. गावातून निघून नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्यांनी त्यात भर घालावी. खर्चाचा निर्णय गावातल्या पाच जणांनी घ्यावा, त्यांत निदान दोन बाया आणि एक भूमिहीन असावा, हिशेब चावडीवर लागावा. पहिल्या वर्षीची खरेदी काय असावी, हे ब्रह्मनाळने सांगून ठेवले आहे: गावाच्या मालकीची धड नाव, ती चालवायला शिकलेले तरुण आणि नावेत बसेल त्या प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट.