रेल्वेच्या जुन्या इंजिनाचे भंगार घेताना

भंडारा रोड, तुमसर रोड या मार्गावर पूर्वी कोळशाची आणि नंतर डिझेलची इंजिने प्रवासी गाड्या ओढीत. अशा इंजिनाचे पुढे काय होते, हे भंगार आणि भांडी या दोन्ही धंद्यांतील बांधवांनी जाणून घेण्यासारखे आहे.

रेल्वेच्या हिशेबात डिझेल इंजिनाचे आयुष्य 36 वर्षे, विजेच्या इंजिनाचे 35 वर्षे धरले जाते. परंतु वय हेच एक कारण नसते. तारा आल्या की डिझेल इंजिनांचे काम कमी होते. रूळ रुंद झाले की लहान गाडीची इंजिने बेकार होतात. गोंदिया 1999 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. तेथून निघणाऱ्या जबलपूर लाइनीचा बालाघाटपुढील लहान रूळ 2015 मध्ये बंद झाला, नागपूर-नागभीड 2019 मध्ये. नागपूरच्या मोतीबाग संग्रहालयात जागा मिळाली ती मोजक्याच इंजिनांना.

इंजिन 'कंडेम' ठरले की कामाचे सुटे भाग रेल्वे आधी काढून घेते. उरलेला माल लॉट पाडून लिलावात निघतो. पूर्वी जागेवर बोली होई, आता ती ऑनलाइन लागते. माल 'जसा आहे, जेथे आहे' या अटीवर विकला जातो, म्हणजे नंतरची तक्रार चालत नाही. आम्ही कापडवाले ताका उलगडून, बोटांत धरून पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही. येथेही परवानगीच्या दिवशी जाऊन लॉट डोळ्यांनी पाहावा. तांब्याच्या मोटारी आत आहेत की आधीच निघाल्या, यावर सारा सौदा फिरतो. डब्ल्यूडीएम-2 जातीचे डिझेल इंजिन सुमारे 112 टनांचे, त्याला सहा मोटारी. वजन लोखंडाचे, पण कमाई तांब्याची. बोलीच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो. तो धरूनच भांडवल मोजावे, उधारीच्या भरवशावर बोली लावू नये.

आता भांडी करणाऱ्या कारागिरांसाठी. भंडाऱ्याची ओळख पितळेची, आणि इंजिनाचा पिवळा माल दलालामार्फत त्यांच्यापर्यंत येऊ शकतो. मात्र पिवळे दिसते ते सारे पितळ नव्हे. बेअरिंगचे कवच बहुधा काशाच्या जातीचे, त्यात कथील आणि कधी शिसेही असते. आतील पांढऱ्या धातूच्या थरातही शिसे असू शकते. असा तुकडा मुशीत गेला तर पत्रा ठोकताना चिरतो. हे नुकसान निदान दिसते तरी. न दिसणारे शिसे भांड्यातून जेवणात उतरते, आणि त्याचा सर्वांत जास्त त्रास लहान मुलांना होतो. म्हणून इंजिनाचा बेअरिंगचा माल जेवणाच्या भांड्यांना वापरूच नये. तो ओतकामवाल्याला वेगळा विकावा, भावही ठीक मिळतो. तांब्याची तार मात्र वरचे आवरण काढून घ्यावी. ती जाळून साफ करण्याचा धूर वस्तीला घातक असतो.

कोळशाच्या जुन्या इंजिनाच्या बॉयलरवर ॲस्बेस्टॉसचे आवरण असू शकते, ते कोरडे खरवडू नये. बॅटऱ्या आल्या तर त्या परवानाधारक कारखान्यालाच द्याव्या लागतात. घरच्या भट्टीत शिसे गाळणे कायद्याने मना आहे.