पोटमाळ्याला स्वतःचे पाय हवेत
(लेखमाला : शेतातलं शेड, भाग ६)

वाऱ्यानं पत्रे का उचलतात, ते मागच्या भागात पाहिलं. छप्पर घट्ट बसलं की लक्ष जातं वरच्या मोकळ्या जागेकडे. खाली हळदीची पोती, पंप, ताडपत्र्या, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी यांची दाटी आणि डोक्यावर निम्मं शेड रिकामं. वेल्डिंगवाला म्हणतो, वरच्या पर्लिनला, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्टीला, चार अँगल लटकवतो, दुपारपर्यंत माळा तयार. हे मात्र करू देऊ नका.

पत्र्याचं छप्पर मोजलेलं असतं ते पत्र्याच्या वजनाला, वाऱ्याला आणि दुरुस्तीसाठी वर चढणाऱ्या माणसाला. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे कमी उताराच्या अशा छपरावर चौरस मीटरला साधारण ७५ किलोचा वरकड भार धरतात. दहा बाय आठ फुटांच्या माळ्याएवढ्या जागेला तो होतो साडेपाचशे किलो, म्हणजे ५० किलोची ११ पोती, आणि तीही सारखी पसरलेली. भाव येईपर्यंत थांबणारा वसमतचा शेतकरी तेवढ्याच जागेत तीस पोती सहज रचतो. चार अँगलांवर टांगलेलं ते सगळं ओझं चारच ठिकाणी ओढ देतं आणि पर्लिन तिथंच वाकते.

वसमतच्या हिंगोली जिल्ह्यात आणखी एक कारण आहे. २१ मार्च २०२४ च्या सकाळी आणि पुन्हा १० जुलैला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. केंद्र कळमनुरी तालुक्यात होतं. मार्चमधल्या धक्क्यानंतर शेजारच्या नांदेड जिल्ह्यात प्रशासनानं पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्यायला सांगितलं होतं. जमीन हलली की डोक्यावरचं वजन झुलतं. टांगलेल्या माळ्यालाही हेच लागू.

म्हणून माळा टेबलासारखा स्वतःच्या पायांवर उभा करा. चौकोनी पाइपाचे चार खांब, प्रत्येकाखाली लोखंडी पाटी आणि ती काँक्रीटमध्ये बोल्टनं घट्ट. नुसत्या मुरमावर टेकवलेला खांब पहिल्याच पावसाळ्यात खचतो. वर १८ मिलिमीटरचं प्लाय टाकायचं तर खालचे आडवे पाइप दीड-दीड फुटावर घ्या. सगळ्यात जास्त विसरला जातो तो तिरका आधार. चार खांब आणि आडव्या पट्ट्या यांची चौकट धक्क्यानं तिरपी होते. कोपऱ्यातून कोपऱ्यात पट्टी गेली की तिचे त्रिकोण बनतात आणि त्रिकोण लवत नाही. निदान तीन बाजूंना ती हवीच. जोडाला नुसता टाका चालणार नाही, वेल्डिंग सलग हवं. वेल्डर जायच्या आत प्रत्येक जोड हात फिरवून पाहा. पाइपाची जाडी आणि पोत्यांची मर्यादा मात्र जाणत्या अभियंत्याकडून ठरवून घ्या.

वर काय ठेवायचं? जागा खाणारं पण हलकं: ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचे रोल, रिकामा बारदाना. हळदीची थप्पी खालीच, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. सोयाबीनचं घरचं बियाणं तर वर नकोच. त्याचं टरफल पातळ. पोतं वरून टाकलं की आतला अंकुर दुखावतो आणि तापलेल्या पत्र्याखाली एप्रिल-मे काढलेल्या दाण्याची उगवण घटते. पेरणीला निदान ७० टक्के उगवण लागते. ती माळ्यावर गमावली तर जूनमध्ये बियाणं विकत घ्यावं लागतं.

कडेला चार इंच उंचीची पट्टी आणि कठडा हवा, शिडीला वर हूक हवा.

पुढच्या भागात : पत्र्याखालची धग कमी कशी करायची.