एर्रागड्डा, ताडी आणि झोप

हैदराबादेत कुणाची टर उडवायची तर 'याला एर्रागड्ड्याला टाका' म्हणतात. आपण येरवड्याचं किंवा ठाण्याचं नाव घेतो, तसंच. हे एर्रागड्ड्याचं मनोरुग्णालय निजामाच्या काळात जालन्याला होतं, हे मात्र जालनेकरांनाही फारसं ठाऊक नसतं.

मार्च 2020मध्ये टाळेबंदी लागली, ताडीची दुकानं बंद झाली आणि चार-आठ दिवसांत या रुग्णालयात रांगा लागल्या. कुणाचे हात थरथरत होते, कुणाला फिट येत होती, कुणाला भास होत होते. शहरातल्या स्वस्त 'कल्लू'त (ताडीला तिथे हेच नाव) ताडी नावालाच; नशेसाठी त्यात अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट मिसळतात. सगळी शांत करणारी, झोप आणणारी औषधं. ती एकदम तुटली आणि शरीर बिथरलं. सुशिक्षित माणूस ताडीच्या दुकानात जात नाही, पण अल्प्राझोलाम त्याच्याही उशाशी असतं. कायद्याने ते चिठ्ठीशिवाय देता येत नाही, तरी एक जुनी चिठ्ठी वर्षानुवर्षं चालते.

झोपेच्या गोळीला दुसरा पर्याय आहे: झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलणारा उपचार, आणि तो मानसशास्त्रज्ञांनी उभा केला. त्यातलं ॲलिसन हार्वी यांचं काम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सिडनीत त्यांनी अपघातातून वाचलेल्यांच्या मानसिक आघाताचा अभ्यास केला. पुढे ऑक्सफर्ड आणि मग बर्कलेला त्या झोपेकडे वळल्या. 2002मध्ये त्यांनी निद्रानाशाची जी मांडणी केली ती थोडक्यात अशी: झोप लागेना म्हणून माणूस धास्तावतो, धास्तीने शरीर ताठ होतं, मग तो घड्याळ बघत राहतो आणि प्रत्यक्षात झाली त्याहून कमी झोप झाली असं धरून चालतो. एका प्रयोगात त्यांनी निद्रानाशाच्या रुग्णांना सकाळी मुद्दाम खोटंच सांगितलं, की रात्री तुमची झोप खराब झाली. ती मंडळी दिवसभर अधिक पेंगुळलेली राहिली! म्हणून या उपचारात उठण्याची वेळ पक्की ठेवतात, झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जायला सांगतात, घड्याळ नजरेआड करतात. नुसतं 'कोमट दूध घ्या, मोबाईल लांब ठेवा' हा उपचार नव्हे. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने 2016मध्ये जुनाट निद्रानाशावर गोळीआधी हीच पद्धत वापरा, असं सांगितलं.

पण हार्वींचं खरं धाडस पुढचं. झोप बिघडणं हे मानसिक आजाराचं नुसतं लक्षण, मूळ आजार बरा झाला की झोपही येईल, अशी जुनी समजूत. त्यांनी द्विध्रुवी (बायपोलर) विकाराच्या 58 रुग्णांचा अभ्यास केला आणि त्यातल्या सुमारे निम्म्यांच्या झोपेवरच थेट उपचार केले. यात जोखीम होती, कारण या उपचारात अंथरुणातला वेळही आखडतात, आणि झोप फार कमी झाली तर या रुग्णांत उन्माद उसळू शकतो. म्हणून अंथरुणातला वेळ त्यांनी जपून कमी केला. सहा महिन्यांत, झोपेवर उपचार झालेल्यांपैकी सुमारे 14 टक्क्यांचा आजार उलटला. नुसती माहिती-समुपदेशन मिळालेल्यांत हेच प्रमाण 42 टक्के होतं. अभ्यास छोटा आहे, पण दिशा स्पष्ट आहे. पुढे त्यांनी हेच काम कॅलिफोर्नियातल्या सरकारी मानसोपचार केंद्रांत नेलं.

आपल्याला उपयोगाचं आहे ते इथेच. 'मला नैराश्य आहे' म्हणायला लाजणारा माणूस 'डोळ्याला डोळा लागत नाही' हे बिनदिक्कत सांगतो. हैदराबादच्या हायटेक सिटीत अमेरिकेच्या घड्याळावर रात्रपाळी करणारा पोरगाही सांगतो. त्या तक्रारीवर गोळी लिहून मोकळं होण्याऐवजी तिथूनच उपचार सुरू करता येतो. मानसशास्त्रज्ञ मोजके आहेत, हे खरं. पण गोव्यात 'संगत' संस्थेने मानसोपचाराचं औपचारिक शिक्षण नसलेल्या साध्या समुपदेशकांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावर उपचार केले आणि ते लागू पडल्याचं 2017मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. झोपेसाठी तसं प्रशिक्षण तेलुगू, उर्दू, मराठीत का होऊ नये?

तोवर वाचकांना एवढंच सांगणं: आठवड्यातून तीन रात्री, सलग तीन महिने झोप लागत नसेल तर मेडिकलवाल्याकडे नव्हे, डॉक्टरकडे जा. गोळी चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका. आणि कुणाला विचारावं हेच कळत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक विनाशुल्क आहे, रात्रीही चालू असतो.