चेस्टनटच्या पुनरागमनाची प्रतीक्षा

सन १९०४. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातील वनाधिकारी हर्मन मर्केल यांना चेस्टनटच्या काही वृक्षांची साल तडकून खचलेली आढळली. आशियातून आयात केलेल्या रोपांबरोबर आलेली ती एक बुरशी होती. पुढील अर्धशतकात तिने मेनपासून अलाबामापर्यंतच्या अरण्यांतील सुमारे चार अब्ज चेस्टनट वृक्ष संपवले.

ॲपलेशियन डोंगरातील गरीब कुटुंबांसाठी हा वृक्ष म्हणजे घरचा आधार होता. फळे बाजारात विकून हिवाळ्याची बेगमी होई. न कुजणारे लाकूड कुंपणापासून रेल्वेच्या स्लीपरपर्यंत सर्वत्र वापरले जाई. आश्चर्य असे, की मुळे आजही जिवंत आहेत! मातीतील सूक्ष्मजीव तेथे बुरशीला रोखतात. मुळांतून धुमारे फुटतात, काही वर्षे वाढतात आणि बहुधा बी धरण्यापूर्वीच पुन्हा रोगाला बळी पडतात.

चीनमधील चेस्टनट हा रोग सहन करतो. तेव्हा दोहोंचा संकर करावा आणि त्या संकरित झाडांचा पुन्हापुन्हा अमेरिकन झाडांशी संकर घडवून आणावा, म्हणजे चिनी झाडाची केवळ प्रतिकारशक्ती उरेल, अशी योजना मक्याचे आनुवंशिकीतज्ज्ञ चार्ल्स बर्नहॅम यांनी मांडली. त्यासाठी १९८३ मध्ये अमेरिकन चेस्टनट फाउंडेशनची स्थापना झाली. परंतु प्रतिकारशक्ती दोन-तीन नव्हे, तर अनेक जनुकांत विखुरलेली असल्याचे पुढे उघड झाले. अमेरिकन अंश जितका वाढवावा, तितकी ती ओसरते.

थंडीचा प्रश्न आणखी निराळा. व्हर्माँटसारख्या उत्तरेकडील राज्यांत केलेल्या संशोधनात, तेथील रेड ओक व शुगर मेपल यांच्या तुलनेत अमेरिकन चेस्टनटचे कोवळे शेंडे हिवाळ्यात अधिक करपतात, असे दिसले. चिनी जात तर थंडीला त्याहूनही नाजूक. म्हणजे ज्या जातीकडून रोगप्रतिकार उसना घ्यायचा, तिच्याचकडून थंडीची भीतीही पदरात पडते. त्यामुळे थंड प्रदेशातील मातृवृक्षांचे बी निवडणे संशोधकांना अगत्याचे वाटते.

याच काळात सिरॅक्यूज येथील वनविद्या महाविद्यालयात विल्यम पॉवेल व चार्ल्स मेनार्ड यांनी वेगळी वाट धरली. बुरशी ऑक्झॅलिक आम्ल सोडून सालीखालील पेशी मारते. गव्हातील एक जनुक या आम्लाचे विघटन करते. आपल्या पोळीतल्या गव्हाचेच हे जनुक! ते चेस्टनटमध्ये घातले, की बुरशी मरत नाही, परंतु तिचे शस्त्र बोथट होते. ‘डार्लिंग ५८’ नावाच्या या वाणासाठी २०२० मध्ये सरकारकडे परवानगी मागण्यात आली.

मग २०२३ मध्ये एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. वर्षानुवर्षे ज्या रोपांची ‘५८’ म्हणून चाचणी झाली, ती वस्तुतः ‘५४’ होती. पूर्वी कधीतरी नावांच्या चिठ्ठ्यांत गफलत झाली होती. त्यांत नवे जनुक भलत्याच गुणसूत्रावर, झाडाच्या स्वतःच्या एका जनुकाला धक्का देऊन बसले होते. खातेक्रमांकातील एका अंकाने काय घडते, हे आम्हा बँकवाल्यांना वेगळे सांगायला नको. पॉवेल यांचे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निधन झाले. डिसेंबरमध्ये फाउंडेशनने, वाढ व रोगसहनशीलतेतील उणिवा दाखवून, या वाणाचा पाठिंबा काढून घेतला. महाविद्यालयाने मात्र ‘५४’ वरील काम सोडले नाही.

फाउंडेशनच्या व्हर्जिनियातील मेडोव्ह्यू येथील शेतावर संकरित रोपांच्या सालीत आजही मुद्दाम बुरशी टोचली जाते. पुढे जखमा मोजल्या जातात, आणि तगलेल्या झाडांतूनच पुढची पिढी निवडली जाते.