फोन तिच्या हातात द्या

‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावं लागतं. समजा, डोळखांबजवळच्या एका पाड्यावरच्या बाईने ते दिवाळीच्या तोंडावर घेतलं. भाताची कापणी-झोडणी उरकली की घरदार आवरून ती नवऱ्याबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जाते. पुढच्या इंजेक्शनची तारीख पौषात येते. तारीख लिहिलेलं कार्ड पाड्यावरच्या घरात राहिलेलं, आठवण करून देणारी आशाताईही पाड्यावरच, आणि ही तिकडे भट्टीवर विटा थापतेय. तारीख टळते. पावसाआधी ती परत येते तेव्हा तिला दिवस गेलेले असतात. यात तिचा निष्काळजीपणा कुठेच नसतो.

‘छाया’ या गर्भनिरोधक गोळीचंही तसंच. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्यातून एकदा. ही दोन्ही साधनं २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत मिळू लागली. पाळणा लांबवायला तांबी आणि थांबवायला ऑपरेशन, याखेरीज बाईसमोर आणखी दोन वाटा खुल्या झाल्या. त्यांची गरजही मोठी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पुरुष नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के होतं. पण या नव्या साधनांचं सगळं गणित तारखेवर चालतं. आरोग्यसेवेत मोबाइलचं काय काम, असं कुणी विचारलं तर मी आधी ही पौषातली तारीख दाखवीन.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे पूर्वेकडचे, सह्याद्रीला टेकलेले तालुके. २०१४ साली पालघर वेगळा झाला आणि ठाण्याचा आदिवासी पट्टा मुख्यतः इथे उरला. ठाकर, वारली, महादेव कोळी आणि कातकरी. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं शहापुरात आहेत, आणि त्याच शहापुरात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. मुरबाडला रेल्वे नाही. धसई, टोकावडे, मोरोशी या बाजूच्या माणसाला आधी मुरबाड आणि मग कल्याण गाठावं लागतं. पावसाळ्यात बाळंतिणीला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या या दोन्ही तालुक्यांतून पुन्हा पुन्हा आल्या आहेत. अशा मुलखात आवाज वाटेत न अडता पोचतो, हे मोबाइलचं मोठं बळ आहे.

या आवाजाचा प्रयोग मुंबईतच घडला. डॉ. अपर्णा हेगडे या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी २००८ मध्ये ‘अरमान’ ही संस्था सुरू केली. तिच्या ‘एम-मित्र’ सेवेत गरोदर बाईला तिच्या भाषेत, तिने सांगितलेल्या वेळी, साध्या फोनवर मोफत आवाजी संदेश येतो. त्याला ना इंटरनेट लागतं, ना लिहिता-वाचता यावं लागतं. केंद्र सरकारची ‘किलकारी’ सेवाही याच धर्तीची. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक, असे ७२ संदेश. कोणत्या महिन्यात लोहाच्या गोळ्या का, अंगावर सूज आली तर काय करायचं, बाळंतपणानंतर लगेच पुन्हा दिवस जाऊ नयेत म्हणून कोणती साधनं आहेत, असं त्यात असतं. ‘किलकारी’ देशात जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात, मराठीतून, ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. आठ वर्षांचा हा उशीर मला अक्षम्य वाटतो.

अशा संदेशांचा उपयोग होतो का? मध्य प्रदेशात ‘किलकारी’ची मोठी शास्त्रशुद्ध चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पाळणा लांबवण्याची तात्पुरती साधनं वापरणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण संदेश ऐकणाऱ्यांत वाढलं होतं. वाढ लहान होती, पण लाखो बायकांच्या हिशेबात लहान वाढही मोठी ठरते. आणि फोन काय करू शकतो, काय नाही, याचा अंदाजही तिथून येतो. सांगितलेलं ऐकायला बाई तयार आहे, पण तेवढ्याने दवाखाना जवळ येत नाही.

दुसरा धडा ‘एम-मित्र’चा. बऱ्याच बायका काही आठवड्यांनी संदेश ऐकणं सोडतात. अशा वेळी माणसाने फोन करून ‘का गं, ऐकत का नाहीस?’ असं विचारलं तर त्या परत ऐकू लागतात. पण हजारो जणींना फोन करायला तेवढी माणसं नसतात. ‘अरमान’ने गूगलच्या संशोधकांबरोबर एक संगणकीय पद्धत बसवली. मोजके फोन कुणाला केले तर सर्वांत उपयोग होईल, ते ती आधी सांगते. सुमारे २३ हजार बायकांवर सात आठवडे ती वापरली, तेव्हा ऐकणं सोडण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालं. यंत्राने फक्त नाव निवडलं. बाई परत आली ती माणसाच्या फोनमुळे.

हे माणूस आपल्याकडे म्हणजे आशाताई. फोनवरच्या सेवेची सगळी इमारत तिच्या वहीवर उभी असते, हे शहरात बसून लक्षात येत नाही. ती घरोघर जाऊन शेवटच्या पाळीची तारीख आणि मोबाइल नंबर लिहून आणते. ते नर्सताईंकडे जातं, तिथून आरोग्य केंद्राच्या संगणकावर, माता-बाल आरोग्याच्या आरसीएच पोर्टलमध्ये आणि मग ‘किलकारी’कडे. तारीख महिन्याने चुकली तर सातव्या महिन्यातल्या बाईला सहाव्याचा सल्ला जातो. नंबर दिराचा असला तर सल्ला दिराला जातो. भट्टीवर जाताना सिम बदललं तर कुणालाच जात नाही. सगळ्यात वाईट म्हणजे गर्भ पडला आणि ते नोंदवायचं राहिलं तर पोटातल्या बाळाची काळजी घ्या असं सांगणारा फोन तिला दर आठवड्याला येत राहतो. ही एक नोंद वेळेवर व्हावी यासाठी वेगळं मनुष्यबळ ठेवावं लागलं तरी ठेवावं.

२०२४ च्या सुरुवातीला याच आशाताई संपावर होत्या. वाढीव मानधनाचा शासन निर्णय काढा, ही त्यांची मुख्य मागणी. ऑनलाइन कामाची सक्ती नको, हीही एक होती. त्या शहापूरहून ठाण्यापर्यंत पायी चालत गेल्या आणि नंतर मुंबईत आझाद मैदानावर बसल्या. ‘किलकारी’ राज्यात सुरू झाली ती याच संपाच्या काळात, फेब्रुवारीत. त्याआधी २०२१ मध्ये अंगणवाडीताईंनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. फोन चालत नव्हते आणि नोंदी करायचं ‘पोषण ट्रॅकर’ अॅप इंग्रजीत होतं. या बायका तंत्रज्ञानाच्या विरोधात आहेत, असा त्याचा अर्थ काढणं अन्यायाचं होईल. वहीत एकदा, मोबाइलमध्ये दुसऱ्यांदा आणि कागदी अहवालात तिसऱ्यांदा तेच लिहायला लावलं, तर जे साधन तिचं ओझं उतरवायला आणलं तेच तिच्या डोक्यावर बसतं. कोणत्याही नव्या अॅपला मी एकच प्रश्न विचारीन: याने आशाताईची कोणती वही बंद झाली?

आता फोनच्या मालकीकडे येऊ. २०१९-२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरतात असा मोबाइल देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडे होता आणि इंटरनेट वापरलेल्या ३३ टक्के होत्या. पाड्यावर एका घरात एकच फोन, तोही नवऱ्याच्या खिशात, हे चित्र आजही दिसतं. लोहाच्या गोळ्यांचा संदेश नवऱ्याने ऐकला तर चांगलंच आहे. पण अंगावरून पांढरं जातं, संबंधाच्या वेळी दुखतं, इंजेक्शन घरात न सांगता घेतलंय, या गोष्टी त्या फोनवर कशा यायच्या? सासूसमोर ‘तुमच्या अंतराची तारीख आली’ असा आवाज घुमला तर ती बाई पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही. म्हणून आठवण द्यायची ती मोघम शब्दांत, तिने दिलेल्या नंबरवर, तिने सांगितलेल्या वेळी. ‘ताई, तुमची तपासणीची तारीख आहे’ एवढं पुरतं.

गुप्ततेची ही गरज नवी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. जे प्रश्न डॉक्टरसमोर तोंडातून निघत नव्हते ते लोक त्यांना पत्रातून विचारत. पाकीट बंद होतं, म्हणून प्रश्न लिहिले जात होते. फोनवरच्या सेवेला त्या बंद पाकिटाची भरवशाची जागा घेता आली पाहिजे.

वयात येणाऱ्या मुलींसाठी हे अधिकच खरं. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतात, पण मुरबाडच्या बाजारपेठेत ओळखीच्या चार डोळ्यांदेखत तिथे शिरणं सोपं नसतं. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं त्याच सर्वेक्षणात दिसलं. अशा मुलीला दिवस राहिले की नोंदीत वय लिहायच्या भीतीने घरचे दवाखानाच टाळतात, आणि कमी वयातलं जोखमीचं बाळंतपण तपासणीविना राहतं. बाललैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली डॉक्टरला अशा मुलीबद्दल पोलिसांना कळवावं लागतं. पण अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली, तर गर्भपाताच्या वेळी तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितलं आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार बाईचं नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि अठरा पूर्ण झालेल्या बाईच्या गर्भपाताला तिची एकटीची संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही. हे वाक्य मराठीत, ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या बोलीत प्रत्येक आरोग्यसंदेशात असावं.

फोनवरून डॉक्टरांचा सल्ला देणारी ‘ई-संजीवनी’ नोव्हेंबर २०१९ पासून आहे. उपकेंद्रात बसून पलीकडच्या स्त्री डॉक्टरशी बोलता आलं तर पुरुष डॉक्टरपुढे अडलेला शब्द सुटतो. पण रक्तदाब तपासायला नर्स लागते, रक्त चढवायला रक्त लागतं, अडलेल्या बाळंतिणीला भूल देणारा डॉक्टर लागतो आणि पाड्यापासून रस्ता लागतो. फोनने धोका ओळखला आणि गाडी आलीच नाही, तर ओळखण्याला अर्थ राहत नाही.

शहापूर-मुरबाडमधल्या वाचकांना एवढंच सांगायचं आहे. घरात कुणाला दिवस राहिले असतील तर नोंदणी करताना आशाताईला नंबर तिला विचारून द्या आणि तिला सोयीची वेळ तिलाच सांगू द्या. आरोग्यसल्ल्यासाठी १०४ आणि तातडीच्या गाडीसाठी १०८ हे दोन नंबर दारामागे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. भट्टीवर निघताना नवा नंबर आणि ठिकाण आशाताईच्या वहीत नोंदवून जा. आणि तिच्यासाठी फोन आला की तो तिच्या हातात द्या, तिचं बोलणं होईपर्यंत परत मागू नका.