ॲव्हरेज सारेच विचारतात, आवाज कोण विचारणार?

परभणीत कोणी चारचाकी घेतली की बघायला आलेला पहिला माणूस विचारतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ दुसरा विचारतो, ‘हप्ता किती बसला?’ तिसरा बॉनेट उघडून बघतो आणि चौथा पेढे मागतो. पण शंभराच्या वेगाने चार तास चालवल्यावर आत बसलेल्यांच्या कानात किती आवाज भरतो, हे कोणीच विचारत नाही. शोरूमवाला ते सांगत नाही, कंपनीच्या माहितीपत्रकातही ते सहसा छापलेले नसते. आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न आता विचारलाच पाहिजे आणि तो छोट्या गाडीवाल्याने विचारला पाहिजे.

आताच का? कारण रस्ता बदलला. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा तुकडा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा सारा रस्ता पूर्ण झाला. हा महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जात नाही, हे खरे. पण परभणीचा माणूस जिंतूर-मंठा मार्गे जालना गाठतो आणि तेथे समृद्धीवर चढतो. समृद्धीला जोडणारा जालना-नांदेड द्रुतगती मार्ग तर परभणी जिल्ह्यातूनच आखलेला आहे. म्हणजे हा वेग आज ना उद्या आपल्या शिवारात येणारच आहे.

या महामार्गावर सपाट भागात कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. दुचाकी आणि तीनचाकीला मनाई आहे. म्हणजे स्वतःच्या वाहनाने या रस्त्यावर यायचे तर सर्वसामान्य कुटुंबाला सर्वांत खालची पायरी म्हणजे छोटी गाडीच. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. पूर्वी २८ टक्के आणि वर उपकर होता. मोटारसायकलवरून छोट्या गाडीत येणारी कुटुंबे यामुळे वाढणार आहेत आणि याचे आम्हाला समाधानच आहे.

कोणी म्हणेल, वकीलसाहेब, जिथे नोकरीची, पाण्याची, शाळेची ओरड आहे तिथे गाडीतल्या आवाजाची कसली चर्चा करता? हे तर श्रीमंतांचे चोचले! आम्हाला हे मुळीच मान्य नाही. श्रीमंताच्या गाडीत हा प्रश्न उरलेलाच नाही, त्याने तो पैसे मोजून कधीच सोडवला आहे. प्रश्न उरला आहे तो इतरांपुढे. देवगिरी किंवा नंदिग्राम एक्स्प्रेसचे आरक्षण मिळाले नाही म्हणून परळच्या टाटा रुग्णालयाकडे भाड्याच्या छोट्या गाडीतून निघालेला रुग्ण, औरंगाबाद खंडपीठात तारखेला चाललेला पक्षकार, परीक्षेला निघालेला विद्यार्थी, दीक्षाभूमीला चाललेले म्हातारे आईवडील. या गाडीत ही माणसे बसतात. आणि स्टिअरिंगवर असतो आदल्या रात्री दुसरे भाडे मारून आलेला वीस-बावीस वर्षांचा पोरगा.

आवाज येतो कुठून, ते आधी समजून घेऊ. त्याचे तीन उगम आहेत : इंजिन, टायर आणि वारा. गावात हळू चालताना इंजिनाचा आवाज पुढे असतो. पन्नास-साठच्या पुढे टायर आणि रस्ता यांचे घर्षण बोलू लागते. शंभराच्या पुढे वारा साऱ्यांवर मात करतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा आवाज साधारण १८ डेसिबलने वाढतो. डेसिबलचे गणित साधे नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. म्हणूनच ८० वर ‘मस्त चाललीय’ वाटणारी गाडी १२० वर असह्य होते.

आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त गाड्यांना तीन सिलिंडरचे इंजिन असते. अशा इंजिनाची प्रत्येक दोन फेऱ्यांत तीन वेळा पेट होते. मिनिटाला ३००० फेरे धरले तर सेकंदाला ७५ धक्के, ४००० धरले तर १००. हाच तो खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज. तो कानापेक्षा छातीला आणि डोक्याला जास्त जाणवतो. मोठ्या गाडीचे इंजिन याच वेगाला निवांत फिरते, छोटे इंजिन मात्र जीव तोडून पळते.

मग कंपन्या हा आवाज अडवत का नाहीत? अडवता येतो. फरशीखाली डांबरी पत्रे, इंजिन आणि माणसे यांच्यामध्ये जाड नमदा, दरवाजाला दुहेरी रबर, जाड काच हे सारे उपाय उपलब्ध आहेत. पण प्रत्येकाला पैसा लागतो, प्रत्येकाने वजन वाढते आणि वजन वाढले की ॲव्हरेज घटते. आपण सारे फक्त ॲव्हरेज विचारतो, म्हणून कंपनी नेमकी हीच काटछाट करते. ज्याच्याबद्दल ग्राहक विचारत नाही ते सर्वांत आधी कापले जाते, हा बाजाराचा नियम आहे.

इतिहासही हेच सांगतो. मारुती ८०० बाजारात आली १४ डिसेंबर १९८३ रोजी. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, १२ इंची चाके आणि सुरुवातीला चारच गिअर. तेव्हा देशात द्रुतगती महामार्ग नव्हते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला तो २००२ साली. पुढे मार्च २००९ मध्ये टाटा नॅनो आली. स्कूटरवर पावसात भिजणाऱ्या कुटुंबाला चार चाके आणि डोक्यावर छप्पर मिळावे, हा त्यामागचा विचार निःसंशय मोठा होता. पण ६२४ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन मागच्या सीटच्या मागे बसवलेले होते. म्हणजे मागे बसणाऱ्या बायका-मुलांच्या पाठीशीच ते घरघरत असे. तिचा कमाल वेग होता १०५. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, नॅनोचे २०१८ साली. पण जुन्या बाजारातून छोट्या गाड्या अजून हातोहात फिरत आहेत. त्यांची बांधणी गावातल्या वेगासाठी झाली आणि आता त्यांना १२० च्या पाटीखाली पळावे लागते.

त्यात रस्त्याची भर. समृद्धी सिमेंट काँक्रीटचा आहे. पावसात चाक घसरू नये म्हणून काँक्रीटवर बारीक रेघा ओढतात. त्या आडव्या असल्या की टायर शीळ घातल्यासारखा वाजतो. शिवाय काँक्रीटच्या रस्त्याला साधारण दर साडेचार मीटरवर सांधा असतो. ९० च्या वेगाने म्हणजे सेकंदाला २५ मीटर. हिशेब करा, सेकंदाला पाच-साडेपाच सांधे, तासन् तास तीच ठकठक. जिल्ह्यातल्या रस्त्यांची तऱ्हा वेगळी. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा रस्ता लाटेसारखा होतो. लहान चाक खड्ड्यात जास्त उतरते. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर कमी असल्याने गाडी पुढे-मागे डोलते. मागची सीट मागच्या चाकांच्या जवळ असल्याने तिथला माणूस जास्त उसळतो. शस्त्रक्रिया होऊन परतणाऱ्या रुग्णाला हे काय असते, ते ज्याने सोसले त्यालाच ठाऊक.

हा केवळ सुखाचा प्रश्न नाही. सततचा एकसुरी आवाज माणसाला थकवतो. सरळ रस्ता, समोर वळण नाही, झाड नाही, कानात एकच घरघर. डोळे उघडे राहतात आणि लक्ष निघून जाते. याला ‘महामार्ग संमोहन’ म्हणतात आणि समृद्धीवरच्या अपघातांच्या चर्चेत हा शब्द वारंवार आलेला आहे. आवाजात शेजारच्याशी बोलणे नको वाटते, गाडीत सारे गप्प होतात आणि चालकाला जागे ठेवणारे बोलणेच बंद पडते.

आता कायद्याकडे येऊ. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० सायलेन्सरबद्दल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाजाचे निकष मोडल्यास शिक्षा आहे. ‘भारत एनकॅप’ १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. त्यात धडकेत माणूस किती वाचतो यावर तारे मिळतात, प्रवासभर त्याच्या कानावर काय आदळते यावर नाही. युरोपात २०१२ पासून टायरच्या चिठ्ठीवर त्याच्या आवाजाचा आकडा छापावा लागतो. तोही बाहेर ऐकू येणारा आवाज.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ध्वनिप्रदूषणाच्या निकालात, घरात शांततेने राहण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ शी जोडला. तो निकाल मुख्यतः भोंगे आणि फटाक्यांबाबत होता, गाडीच्या आतल्या आवाजाबाबत नव्हता, हे आम्ही जाणतो. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चे कलम २(९) वाचा. वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता, मानक आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, असे ते सांगते. पाच लाखांच्या वस्तूचा दर्जा म्हणजे फक्त ॲव्हरेज काय?

टोलचेही पाहा. समृद्धीवर कारला सुरुवातीला किलोमीटरमागे १ रुपया ७३ पैसे होते, एप्रिल २०२५ पासून २ रुपये ६ पैसे झाले. पन्नास लाखांची गाडी आणि जुनी अल्टो, दोघांना दर एकच. दर समान आहे, तर रस्त्याची आखणी करताना छोट्या गाडीतल्या माणसाचाही समान विचार झाला पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. एक, ८० आणि १०० च्या वेगाला गाडीच्या आत किती डेसिबल आवाज असतो, तो आकडा मायलेजच्या शेजारी छापणे सक्तीचे करावे. आकडा छापला की स्पर्धा होईल आणि स्वस्त गाडीतही नमदा बसेल. दोन, काँक्रीटवरच्या रेघा आडव्या न ओढता रस्त्याच्या दिशेने ओढाव्यात, त्याने टायरची शीळ कमी होते. जालना-नांदेड मार्गापासून हे करता येईल. तीन, महामार्गावर सावली, पाणी, स्वच्छतागृह आणि आडवे होण्यापुरती जागा असलेले थांबे पुरेशा अंतरावर असावेत. छोट्या गाडीतल्या माणसाला थांबण्याची गरज जास्त असते.

तोवर, वाचकहो, आपल्या हातात जे आहे ते करा. १२० ही मर्यादा आहे, सक्ती नाही. ३०० किलोमीटर १२० ने अडीच तास, ९० ने तीन तास वीस मिनिटे. फरक पन्नास मिनिटांचा. त्या बदल्यात वाऱ्याचा आवाज सात-साडेसात डेसिबलने उतरतो, पेट्रोल वाचते आणि टायरवरचा ताण कमी होतो. डाव्या बाजूने चला. काचा वर ठेवा. दरवाजाचे रबर फाटले असेल तर बदला, त्याला फार खर्च येत नाही. हवा चालकाच्या दरवाजाजवळच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढीच भरा, जास्त भरू नका. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. जुना, एकीकडे झिजलेला टायर गुणगुणतो, तसा वाजला तर आधी तो दाखवा. रुग्णाला बसता येत असेल तर पुढच्या सीटवर बसवा. दर दोन तासांनी थांबा, खाली उतरा. गाडी भाड्याची असेल तर निघण्यापूर्वी त्या पोराला एवढेच विचारा, ‘बाबा, रात्री झोपलास का?’ नाही म्हणाला तर दोन तास उशिरा निघा.

आणि पुढच्या वेळी शोरूममध्ये गेलात तर ॲव्हरेज जरूर विचारा. पण त्याच्या आधी म्हणा, गाडी बाहेरच्या हमरस्त्यावर घ्या, ऐंशीने चालवू द्या, काचा वर करा आणि गाणी बंद ठेवा. मागच्या सीटवर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बसवा. पुढच्या माणसाचे बोलणे त्यांना ऐकू आले का, ते त्यांनाच विचारा आणि मगच सही करा.